चिमण्यांचं लाकडी घरटं : 8 महिने आणि 3 जागा बदलल्यानंतरचा अनुभव

नोव्हेंबरमध्ये घेतलं होतं, आता जुलै चालू आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते. नाशिकला आमचं रो हाऊस आहे, पुढे मागे थोडी बाग. खोका चांगला आहे, जाड लाकूड, वरचं झाकण उघडतं, भोक 32 मिलिमीटरचं म्हणजे साधारण सव्वा इंच, त्यातून चिमणी जाते पण साळुंकी जाऊ शकत नाही. भोकाखाली बसायला एक दांडी दिली होती ती मी कापून टाकली, चिमणीला तिची गरजच नसते, उलट कावळ्याला टेकायला सोय होते.

पण खरं सांगायचं तर खोक्यापेक्षा जागाच महत्त्वाची आहे आणि ती सापडायला मला साडेतीन महिने लागले.

पहिल्यांदा मी आंब्याच्या फांदीला तारेने लटकवलं, वाटलं पक्षी म्हणजे झाड. वारा आला की खोका गोल गोल फिरायचा, मुंगळे आत शिरले आणि खारीने भोक कुरतडायला घेतलं. दीड महिन्यात एक चिमणी फिरकली नाही. मग जानेवारीत किचनच्या मागच्या भिंतीवर ठोकलं, म्हटलं कट्ट्याजवळून दिसेल. ती भिंत पश्चिमेची. एक जोडी येऊन भोकातून डोकावायची आणि निघून जायची. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी 4 ला झाकण उघडून आत हात घातला तर भट्टीसारखं गरम, लाकूड जाड असूनसुद्धा. अंडी घातली असती तर पिल्लं जगलीच नसती, मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अगं आमच्या वाड्यात चिमण्या फोटोच्या मागे, आढ्याच्या फटीत घरटी करायच्या, झाडावर कुठे करतात त्या. आणि खरंच, चिमणी हे माणसाच्या घराच्या आडोशाला राहणारं पाखरू आहे. मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात पूर्वेच्या भिंतीला, छज्जाच्या खाली, जमिनीपासून 9 फुटांवर, ड्रिल मारून दोन स्क्रूने घट्ट बसवलं, अजिबात हलत नाही. सकाळचं कोवळं ऊन येतं, 10 नंतर सावली. मांजर चढेल असं पाइप किंवा कंपाउंड जवळ नाही, खिडकी आहे पण तिथे पंखा नाही (पंख्यात सापडून चिमण्या मरतात, हे आधी बघाच). समोर 10-12 फुटांवर मधुमालतीचा दाट वेल आहे, चिमण्या आधी तिथे बसून अंदाज घेतात मग सरळ भोकात.

नवव्या दिवशी नर गवताची काडी घेऊन आला!! पुढचे दोन आठवडे काथ्या, कापूस, पिसं, केरसुणीच्या काड्या काय काय नेलं. मी आत एकदाही डोकावले नाही, चिवचिव ऐकू आली तेव्हाच कळलं पिल्लं झाली. दोघं दिवसभर अळ्या आणि किडे आणत होती, म्हणून त्या काळात गुलाबावर औषध मारायचं मी बंद केलं, तुम्हीही करा. दाण्याचं भांडं घरट्याशेजारी ठेवू नका, कबुतरं आणि कावळे गोळा होतात. माझं भांडं आणि पाणी आता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

एक गैरसमज मलाही होता म्हणून लिहिते, बुलबुल, शिंपी, शिंजीर या खोक्यात येत नाहीत, ते वेलीत झुडपात स्वतः बांधतात. दयाळ येतो पण त्याला भोक मोठं लागतं.

तक्रार एकच, तळाला पाणी जायला भोकं नव्हती, मी बारीक बिटने चार पाडून घेतली. पावसाची झड आमच्याकडे पश्चिमेकडून येते त्यामुळे पूर्वेच्या भिंतीवर आत थेंब गेला नाही.

एप्रिलच्या शेवटी तीन पिल्लं उडाली, मी मोजली. मग जुनं घरटं काढून खोका रिकामा केला, उन्हात दोन दिवस वाळवून परत त्याच स्क्रूवर बसवला, आणि जूनमध्ये परत काड्या सुरू. आज सकाळी 7 ला आत पुन्हा चिवचिव ऐकू आली.