दीड हजार येनची कुऱ्हाड, अकरा महिन्यांनंतर

२०२५च्या एप्रिलमध्ये जपानमधल्या नागानोतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ही कुऱ्हाड १,५०० येनला घेतली. घेतली म्हणजे काय, दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून जवळजवळ गळ्यात मारली. पातं गंजून तपकिरी, दांडा किडीने पोखरलेला, भोकात लाकडाचा भुसा. घरात लाकडावरचा स्टोव्ह बसवून एक हिवाळा झाला होता आणि माझी आधीची स्वस्तातली कुऱ्हाड प्रत्येक ओंडक्यात रुतून बसायची. हिच्यात तिच्यापेक्षा वाईट काय असणार, एवढाच हिशोब.

पहिल्याच दिवशी मी ग्राइंडर बाहेर काढला. गंजाखाली पात्याच्या एका बाजूला काही चरे दिसत होते, ते घासून सपाट करायचा बेत होता. शेजारच्या आजोबांची हयात जंगलात झाडं तोडण्यात गेली आहे, आता ऐंशी ओलांडली. ते कुंपणापलीकडून ओरडले, "बंद कर ते आधी!" ग्राइंडरने कड तापते, तिच्यावर निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलंच म्हणून समजा. हे एक कारण त्यांनी सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. "हाताने गंज काढ, मग घेऊन ये," एवढंच म्हणाले.

मग पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं आणि लगेच पुसून तेल लावलं. हे 'लगेच' महत्त्वाचं. मी चहा करायला आत गेलो तेवढ्यात एका कोपऱ्यावर नारिंगी पूड धरली होती. गंज गेल्यावर कडेजवळ एक वेडीवाकडी सीमारेषा दिसली. वरचा भाग मळकट राखाडी, खालची पट्टी उजळ. वरचं मऊ लोखंड म्हणजे जिगाने, खालचं कडक पोलाद म्हणजे हागाने. दोन्ही भट्टीत तापवून घणाने एकजीव केलेली. मऊ लोखंड हादरा सोसतं, पोलाद धार धरतं.

आणि ते चरे. ते चरे नव्हतेच. एका बाजूला तीन समांतर रेघा, दुसऱ्या बाजूला चार, छिन्नीने मुद्दाम कोरलेल्या. मी ज्या पुसून टाकायला निघालो होतो त्या ह्या.

आजोबांनी पातं हातात घेऊन आधी तीनवर बोट ठेवलं. "मिकी." जपानीत तीनला 'मि' म्हणतात आणि देवाला वाहायच्या साकेलाही (तांदळाच्या दारूलाही) मिकी म्हणतात. मग पातं उलटून चारवर. "योकी." चार म्हणजे 'यो', योकी म्हणजे चार तत्त्वं, त्यांच्या म्हणण्यानुसार सूर्य, माती, पाणी, हवा. काही जण पृथ्वी, आप, तेज, वायू असं मोजतात. कुऱ्हाडीचंही एक नाव योकीच. मोठं झाड पाडायच्या आधी त्याला नैवेद्य दाखवायचा, पण ऐन जंगलात साके आणि धान्य कुठून आणणार? म्हणून कुऱ्हाडच बुंध्याला टेकवून ठेवायची आणि हात जोडायचे. नैवेद्य पात्यावर कोरलेला आहेच. शिवाय तीन आणि चार मिळून 'मि-ओ-योकेरु', म्हणजे अंगावरचं टळो, अशीही एक कोटी. एकूण सात म्हणून ह्या खुणांना नानात्सुमे म्हणतात. यातला अर्थ आधीचा की कोटी आधीची, असं मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "झाड अंगावर येत असताना कोण विचारतं?"

रेघांमुळे पातं लाकडात अडकत नाही असंही काही जण सांगतात. मी अकरा महिने लाकडं फोडली, मला काडीचाही फरक जाणवला नाही. खंडेनवमीला मात्र हळदकुंकू नेमकं रेघांवरच वाहिलं.

जूनमध्ये टीव्हीवर इथल्याच किसो खोऱ्यातला झाडं पाडायचा सोहळा दाखवत होते. इसेचं शिंतो देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात. २०३३च्या बांधणीसाठी आगेमात्सूच्या जंगलात हिनोकीची (जपानी सायप्रसची) पहिली झाडं पाडली. करवत नाही, नुसत्या कुऱ्हाडी. बुंध्याला तीन बाजूंनी भोकं पाडत जायची, शेवटी झाड तीन पायांवर उभं राहतं, मग त्यातला एक पाय तोडायचा. आजोबा आमच्याकडे येऊन बघत बसले होते. चहाला हात लावला नाही.

आता दांडा, कारण खरा त्रास तिथेच झाला. जपानी कुऱ्हाडीचं भोक अरुंद आणि चौकोनी असतं, त्यामुळे काशीचा (हा इथला ओक) नवा दांडा तासून तासून बसवावा लागतो. बसवण्याआधी त्याचं टोक हातोडीने सगळीकडून ठोकून दाबायचं. याला किगोरोशी म्हणतात, शब्दशः लाकूड मारणं. दाबलेलं लाकूड आत गेल्यावर फुगतं आणि घट्ट बसतं. वरून पाचर. मी ही पायरी घाईत उरकली आणि शिवाय कुऱ्हाड स्टोव्हशेजारी ठेवायला लागलो. डिसेंबरात लाकूड सुकून पातं बोटभर पुढे सरकलं. घाबरून बादलीत बुडवून ठेवलं. फुगलं, आठवड्याने सुकलं आणि आधीपेक्षा सैल झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तो धन्यालाच काळ होणार होता. पाचर काढून सगळं नव्याने केलं, आता ती पडवीत असते. तेव्हापासून हललेली नाही.

दुसरी तक्रार धारेची. आम्ही तिला हामागुरिबा, म्हणजे शिंपल्यासारखी फुगीर धार दिली आहे. नाराच्या (हाही ओकच) सरळ लाकडावर एक घाव दोन तुकडे, खरोखर. जुनी कुऱ्हाड आठवड्यात बोथट व्हायची, हिला मी महिन्यातून एकदाच धार लावायच्या १,००० नंबरच्या दगडावर घेतो. पण कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. जानेवारीत उणे दहाच्या सकाळी गोठलेल्या कारामात्सूच्या (जपानी लार्चच्या) गाठीवर घाव घातला आणि कडेला दोन मिलिमीटरचा तुकडा उडाला. तो खड्डा दगडावर काढण्यात दोन रविवार गेले. आता थंडीत पातं आधी काखेत धरून थोडं ऊबदार करतो. बायको बघते आणि काही बोलत नाही.

नुसत्या पात्याचं वजन माझ्या काट्यावर १,८६० ग्रॅम. आजोबा नुसतं हातात तोलून "गोह्याकुमे" म्हणाले होते. जुन्या मापाने पाचशे मोन्मे, एक मोन्मे ३.७५ ग्रॅमची, म्हणजे १,८७५. उरलेले पंधरा ग्रॅम गंजात आणि माझ्या दगडावर गेले असतील. लोहाराचा शिक्काही आहे, पण इतका झिजलेला की 'नोंदणीकृत' एवढीच अक्षरं लागतात. नावाच्या जागी खळगा.

घ्यावी का? दगडावर धार लावत बसायची आवड असेल तर जरूर. घेताना गंजाला घाबरू नका, उजळ पट्टी किती उरली आहे ते बघा. ती संपली असेल तर फुकटातही नको. कडेला निळा डाग असेल तर माझ्यासारखा कोणीतरी आधीच ग्राइंडर घेऊन येऊन गेला आहे. माझा सगळा खर्च दांडा आणि त्सुबाकीचं (कॅमेलियाच्या बियांचं) तेल धरून पाच हजार येनच्या आसपास गेला. तेलाची बाटली संपत आली आहे, या वेळी मोठी आणतो.