ग्रेवॉल्स: लुटियन्सच्या घरात दोन रात्री

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोहून नॉर्थ बेरिककडे जाणाऱ्या लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास ड्रेम नावाचे लहानसे स्टेशन येते आणि तेथून तीन-चार मैलांवर समुद्राकाठी गलन हे गाव आहे. गावाच्या पूर्व टोकाला, म्युरफील्ड गोल्फ मैदानाच्या कुंपणाला लागून, ग्रेवॉल्स हे हॉटेल आहे. गेल्या जूनमध्ये पुण्याहून आलेल्या आईला घेऊन आम्ही तेथे दोन रात्री राहिलो. तेथे जाण्यामागचे कारण साधे होते. नवी दिल्लीतले राष्ट्रपती भवन ज्यांनी उभारले, त्या एडविन लुटियन्स यांनी दिल्लीच्या कितीतरी आधी, 1901 साली, हे घर बांधले आणि त्यांच्या एखाद्या वास्तूत पैसे मोजून का होईना, पण पाहुणा म्हणून झोपता येते, याचे मला अप्रूप होते.

बाहेरून आलेल्या माणसाला हे घर लगेच दिसत नाही. रस्त्यावरून आत वळल्यावर प्रवेशाची बुटकी घरे ओलांडावी लागतात आणि मग बागेच्या भिंतींमधून तिरक्या दिशेने आलेली वाट एका अंगणात उघडते. समोर घराची दर्शनी भिंत सरळ नसून आत वळलेली आहे, त्यामुळे गाडीतून उतरताच आपण अंगणात आहोत की घरात शिरलो आहोत, असा क्षणभर संभ्रम पडतो. नाव ग्रेवॉल्स, म्हणजे करड्या भिंती, असले तरी भिंतींचा दगड मधाच्या रंगाचा आहे आणि संध्याकाळच्या उन्हात तर तो करडेपणाच्या जवळपासही जात नाही. मूळ नाव हाय वॉल्स, म्हणजे उंच भिंती, होते आणि ते अधिक खरे होते, कारण या जागेचे सगळे सौंदर्य तिच्या भिंतींत आहे. फोर्थच्या खाडीवरून येणारा वारा जूनमध्येही कानटोपी आठवायला लावतो, पण भिंतीच्या आड आले की गुलाब आणि लॅव्हेंडर निवांत फुललेले असतात आणि आईने तर शालही काढून ठेवली.

बागेची लागवड इंग्लिश उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांच्या नावाशी जोडलेली आहे. लुटियन्सने घर बांधावे आणि जेकिलबाईंनी त्याभोवती बाग लावावी, ही जोडी त्या काळी इंग्लंडमध्ये गाजलेली होती. येथील बाग म्हणजे एक मोठे मैदान नसून भिंती आणि कुंपणे घालून केलेली छोटी छोटी दालने आहेत, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना पुढे काय असेल याची उत्सुकता राहते. मी राष्ट्रपती भवनाची बाग दोनदा पाहिली आहे. तिथले पाण्याचे पाट, चौकोन आणि अक्ष मोगल परंपरेतून आले असले, तरी चालणाऱ्याला एका ठिकाणी थांबवून मगच पुढचे दाखवायचे, ही युक्ती मला गलनच्या बागेत आधीच वापरलेली दिसली. दिल्लीत 340 खोल्यांचा पसारा आहे आणि येथे वीस-पंचवीस खोल्या. माझ्यापुरते बोलायचे तर हाच माणूस येथे अधिक मोकळा वाटला.

ज्याच्यासाठी हे घर बांधले, तो आल्फ्रेड लिटल्टन राजकारणी होता, पण क्रिकेटप्रेमींना त्याची ओळख वेगळीच असते. इंग्लंडच्या या यष्टिरक्षकाने 1884 साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेंडू हातात घेतला, खालून हात फिरवून गोलंदाजी केली आणि 19 धावांत 4 बळी मिळवले. गोल्फच्या वेडापायी त्याला म्युरफील्डच्या अगदी काठावर घर हवे होते. पुढे घर दुसऱ्यांकडे गेले आणि राजा सातवा एडवर्ड येथे पाहुणा म्हणून येऊ लागला. त्याच्या सोयीसाठी बागेच्या भिंतीत एक शौचकूप बांधले होते आणि आज त्या जागी चक्क पाहुण्यांची खोली आहे, असे सांगतात. आम्ही ती मागितली नाही; आईच्या मनाला ते पटले नसते.

तिला पटले ते पुढचे. 1924 साली हे घर सर जेम्स हॉर्लिक यांनी घेतले, आणि हो, हे हॉर्लिक त्याच माल्टेड दुधाच्या घराण्यातले. हे ऐकल्यावर आईचा चेहरा उजळला, कारण आमच्या लहानपणी ताप उतरला की पहिला पेला हॉर्लिक्सचा असे आणि त्या काचेच्या बरण्या तिने अजूनही डाळींसाठी जपून ठेवल्या आहेत. 1948 साली त्याच कुटुंबाने घराचे हॉटेल केले. त्यामुळे बैठकीच्या खोल्या कोणाच्या तरी घरातल्याच वाटतात. लाकडाने मढवलेल्या भिंतींची ग्रंथशाळा, शेकोटी, वेगवेगळ्या काळातल्या खुर्च्या आणि खिडकीपाशी मांडलेला चहा या गोष्टी हॉटेल सजवणाऱ्याने एका दिवसात आणून ठेवलेल्या नाहीत, हे लगेच कळते. आम्ही पहिली दुपार सगळी याच ग्रंथशाळेत घालवली आणि त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

रात्रीचे जेवण फ्रेंच वळणाचे आहे. लंडनमध्ये फ्रेंच स्वयंपाकाला मान मिळवून देणारे अल्बेर रू यांचे नाव या भोजनगृहाला दिलेले आहे. मी चीजचे सूफ्ले, म्हणजे फेटलेल्या अंड्यांनी फुगवून भाजलेला हलका पदार्थ, घेतले, जे रू घराण्याची ओळखच मानले जाते, आणि त्यानंतर मासा. दोन्ही पदार्थांत मसाल्याचा गोंधळ नव्हता, लोणी मात्र मुबलक होते. आई शाकाहारी असल्याचे आम्ही खोली घेतानाच कळवले होते, आणि तसे प्रत्येकाने कळवावे, कारण अशा स्वयंपाकघरात ऐन वेळी मागितलेल्या शाकाहारी ताटात उकडलेल्या भाज्यांपलीकडे फार काही येणे अवघड असते. युरोपातल्या अनेक चीजांत दूध साकळवण्यासाठी प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी तेही आधीच विचारून घ्यावे. न्याहारीच्या ओटच्या पॉरिजला आईने ‘ही तर पेजच’ म्हणून मान्यता दिली आणि त्यात मध न घालता मीठ घातले. स्कॉटलंडमधले जुने लोकही असेच खातात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

खोल्या एकसारख्या नाहीत, कारण घर हॉटेल म्हणून बांधलेलेच नव्हते. पोहण्याचा तलाव, मालिश आणि लखलखीत स्नानगृह हीच ज्यांची सुट्टीची कल्पना आहे, त्यांनी एडिनबरोतच राहावे. दर चांगलेच चढे आहेत, आणि म्युरफील्डवर मोठी स्पर्धा असेल त्या आठवड्यात तर सामान्य पर्यटकाने इकडे फिरकूच नये. या मैदानावर 1892 पासून 2013 पर्यंत गोल्फची ब्रिटिश ओपन स्पर्धा 16 वेळा झाली आहे. मात्र त्याच क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव 2017 साली कुठे संमत केला, हे समजल्यावर आईने खिडकीतून मैदानाकडे पाहून एवढेच म्हटले, ‘गवत छान ठेवलंय.’

खोली घेताना मैदानाची बाजू घ्यावी की बागेची, हा प्रश्न पडतो. आम्ही मैदानाची घेतली, कारण त्या बाजूला खाडीचे पाणी दिसते आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. पुन्हा गेलो तर बागेकडची घेईन, कारण मैदान सगळ्यांनाच बाहेरून दिसते, पण सकाळी सहाला, माळी येण्याच्या आधी, त्या भिंतींमधल्या दालनांत फक्त राहणारा पाहुणाच जाऊ शकतो. आणि ड्रेमला उतरणार असाल तर टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. स्टेशनवर ती उभी असते असे मी गृहीत धरले होते आणि आईसह सामान घेऊन चाळीस मिनिटे फलाटावर बसलो होतो.