40 नॅनोमीटर सोन्याचं कोलॉइड: गार्नेट फिल्मचं फॅरेडे रोटेशन वाढवायला कितपत कामाचं?

चुंबकीय क्षेत्रातल्या द्रव्यातून जाताना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा वळते, ते फॅरेडे रोटेशन; सोन्याचे सूक्ष्म कण जोडून ते वाढवता येतं. त्यासाठी सायट्रेटवर (कणांना ऋण प्रभार देऊन वेगळं ठेवणाऱ्या क्षारावर) स्थिर केलेलं, बाटलीत तयार मिळणारं सोन्याचं कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे कण, बिस्मथयुक्त यट्रियम आयर्न गार्नेट या चुंबकीय स्फटिकाच्या फिल्मसाठी घ्यावं का? कण फिल्मच्या वर बसवायचे असतील तर जरूर. गार्नेटच्या आत पुरायचे असतील तर पैसे वाया जातील.

बाटली उघडली की आधी स्पेक्ट्रम घ्या. शोषणाचं शिखर 525 ते 530 नॅनोमीटरच्या आसपास, एकच आणि अरुंद हवं. 600 च्या पुढे खांदा दिसला किंवा लाल रंग जांभळा पडला, तर कण एकमेकांना चिकटलेत आणि ते पुन्हा सुटत नाहीत. याचं कारण बहुतेकदा गोठणं किंवा पाण्यात शिरलेले क्षार. साठवण 2 ते 8 अंशांवर, फ्रीझरमध्ये कधीही नाही.

बसवण्याचं काम सोपं आहे. फिल्म ॲसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉलने धुवा, ऑक्सिजन प्लाझ्मा द्या, इथेनॉलमधल्या 1 टक्का अमिनोसिलेनमध्ये (पृष्ठभागावर अमिनो गट चिकटवणाऱ्या रसायनात) अर्धा तास ठेवा, खळखळून धुवा, 110 अंशांवर दहा मिनिटं तापवा. अमिनो गटांचा धन प्रभार सायट्रेटचा ऋण प्रभार असलेले कण धरून ठेवतो. मग काही तास कोलॉइडमध्ये बुडवून पाण्याने धुवा. थेंब टाकून वाळू देणं टाळा: कण कडेला गोळा होतात आणि मधली फिल्म जवळपास मोकळीच राहते.

घोळ होतो तो पुढे. प्रकाश पडल्यावर कणाभोवती तयार होणारं तीव्र विद्युत क्षेत्र काही दहा नॅनोमीटरपर्यंतच पोचतं. त्यामुळे 500 नॅनोमीटर जाड फिल्मवर नुसते कण ठेवले तर बहुतेक गार्नेटला त्याचा पत्ताच लागत नाही. कण गार्नेटने वेढले तर फायदा दुहेरी: हे क्षेत्र चुंबकीय द्रव्यात राहतं, आणि कणांचं शोषणाचं शिखर 600 नॅनोमीटरच्या पलीकडे सरकतं, जिथे गार्नेटचं स्वतःचं शोषण कमी असतं. पण वरचा थर स्फटिक व्हायला 600 ते 700 अंश लागतात. तेवढ्यात सिलेन जळून जातं. सोनं 1064 अंशांना वितळत असलं तरी पृष्ठभागावरचे अणू त्याच्या कितीतरी आधी सरकू लागतात. कण फिरतात, जुळतात, आकार बदलतात. इथे 5 नॅनोमीटर सोन्याची फिल्म तापवून तिची बेटं करणं जास्त भरवशाचं. आकार कमीजास्त होतात खरे, पण बेटं आधीच ताप खाऊन बसलेली असतात. चांदीचा प्रकाशाशी होणारा अनुनाद (ज्यामुळे हे शिखर दिसतं) अधिक तीक्ष्ण, तरी गंधकाने ती काळवंडते.

मोजताना त्याच वेफरचा, तेवढंच ॲनीलिंग (तापवणं) झालेला, सोन्याविना तुकडा शेजारी ठेवाच. बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटवून दोन्ही वाचनांतल्या फरकाचा अर्धा भाग घ्या, आणि सब्स्ट्रेट (फिल्मखालचा आधार) गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटचा असेल तर त्याचा क्षेत्रासोबत सरळ रेषेत वाढणारा वाटा वजा करा. रोटेशन वाढलं आणि प्रकाश त्याहून जास्त घटला, तर नमुना वाईटच झाला. त्याच तरंगलांबीवर रोटेशनला शोषणाने भागून दोन्ही तुकडे ताडून पाहा.