खरेदीचं खातं वेगळं ठेवून पाहिलं: दिवाळी ते उन्हाळा

गेल्या दिवाळीच्या आधी मी घरातली सगळी ऑनलाइन खरेदी एका वेगळ्या बँक खात्यावर नेली. पगार, मुदत ठेवी आणि घराचा हप्ता जुन्याच खात्यात ठेवले. किराणा, कपडे, सासूबाईंची औषधं, मुलाची पुस्तकं, रिचार्ज, हे सगळं नव्या खात्यातून. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम तिकडे टाकायची आणि त्यापलीकडे तिथे काही साठू द्यायचं नाही. आता दिवाळी, संक्रांत, नणंदेचं लग्न आणि शाळेची खरेदी या खात्यावर होऊन गेली, म्हणून अनुभव लिहिते आहे.

हे का केलं ते आधी सांगते. ‘ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका’ या सूचना आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत आणि त्या बरोबरच आहेत. पण त्या पाळायला माणूस चोवीस तास सावध असावा लागतो. संध्याकाळी साडेसातला कुकर लावलेला असतो, मुलगा गणित घेऊन बसलेला असतो, आणि तेव्हाच फोन येतो की तुमचं पार्सल अडकलंय, लगेच पाच रुपये भरा. फसवणाऱ्याला आपली तीच वेळ हवी असते. म्हणून नुसत्या सावधपणावर भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत झालं. हात चुकलाच तर जाईल किती, हे आधी ठरवून ठेवता येतं.

नियमही हेच सुचवतात. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीची खबर बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत दिली तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचं. पण पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे तुमचेच. आणि हल्लीच्या बहुतेक फसवणुकीत पिन आपल्याच बोटांनी टाकून घेतात. त्या वेळी खरा आधार एकच, त्या खात्यात मुळात थोडेच पैसे असणं.

खातं उघडलं ते किमान शिल्लक न लागणारं, बेसिक बचत खातं. एकाच बँकेत बेसिक खातं आणि दुसरं बचत खातं दोन्ही ठेवता येत नाहीत, म्हणून बँक दुसरी निवडावी लागली. कार्ड घरी आलं तेव्हा त्यावर ऑनलाइन व्यवहार बंदच होते. २०२० च्या ऑक्टोबरपासून नवीन कार्ड असंच येतं आणि जे हवं ते आपण चालू करायचं. मी परदेशी व्यवहार बंदच ठेवले, ऑनलाइनची मर्यादा पाच हजारांवर आणली. मोठी खरेदी असली की ॲपमध्ये मर्यादा वाढवायची आणि झाल्यावर परत खाली आणायची. यात दोन मिनिटं जातात, आणि त्या दोन मिनिटांत ‘हे खरंच घ्यायचंय का’ हा विचारही होतो. यूपीआय आयडी असा केला की त्यात मोबाईल नंबर दिसत नाही.

या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा भाग मात्र जुन्या खात्याचा. यूपीआय ॲप आपल्या मोबाईल नंबरवर नोंदलेली खाती शोधून दाखवतं. दोन्ही खाती एकाच नंबरवर असती तर वेगळं खातं काढण्यातला निम्मा अर्थ गेला असता. म्हणून जुन्या खात्याचा नंबर बदलून घेतला आणि ते सिमकार्ड एका साध्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. तो फोन कपाटात असतो. त्यावर ना यूपीआय, ना व्हॉट्सॲप. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून येणारी एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) कोणी माझ्या स्मार्टफोनमध्ये घुसवली, तरी ठेवींच्या खात्याचा ओटीपी स्मार्टफोनवर येणारच नाही. त्रास एवढाच की ते सिम रिचार्ज करून जिवंत ठेवावं लागतं. विसरून चालत नाही, कारण बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो.

आता गैरसोयी. रिफंड याच खात्यात येतो, त्यामुळे दिवाळीत कपडे परत केले तेव्हा शिल्लक फुगली आणि ती परत पाठवावी लागली. ऑटोपेचे, म्हणजे आपोआप कापले जाणारे हप्ते मी इथे आणले, ते महिनाअखेरीला अडकू लागले. पैसे कापण्याच्या २४ तास आधी निरोप येतो, तो वाचून शिल्लक बघायची सवय लागली. शिवाय सेलमध्ये ठरावीक बँकांच्या क्रेडिट कार्डांवर जी सूट असते ती हुकते. ती मी सोडून दिली आणि त्याचं वाईट वाटत नाही.

खातं वेगळं असलं म्हणून दुकान तपासायचं सोडता येत नाही. नणंदेच्या लग्नासाठी पैठणी बघत होतो तेव्हा एका पेजवर हातमागाची, शुद्ध रेशमी पैठणी पंधराशेच्या आत दिसली. येवल्याचा पत्ता, विणकराचा फोटो, सगळं होतं. हातमागावर एक पैठणी उतरायला कित्येक आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असेल तर महिने. त्या भावात फक्त रेशीमही येणार नाही. तरी सासूबाईंचं मन गुंतलं होतं, म्हणून खाली दिलेला जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. या पंधरा अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. या क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्लीची, आणि नोंदणी साड्यांशी संबंध नसलेल्या भलत्याच पेढीच्या नावावर. कोणाचा तरी क्रमांक उचलून चिकटवला होता. सासूबाईंना स्क्रीनच दाखवला, मग वाद उरला नाही.

पुढे ओळखीतून एक विणकर मिळाले. व्हिडिओवर त्यांनी न सांगता पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या पदराची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. साडीला सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं लेबलही होतं. पैसे देताना ॲपवर त्यांच्या बँकेत नोंदलेलं नाव आलं, ते दुकानाच्या नावापेक्षा वेगळं होतं. घरगुती व्यवसायात असं असू शकतं. मी फोन करून विचारलं, त्यांनी नीट सांगितलं, मग पिन टाकला.

कॅश ऑन डिलिव्हरी घरात बंद केली नाही, कारण सासऱ्यांना तीच बरी वाटते. पण आम्ही फ्रिजवर यादी लावली आहे. काय मागवलं, किती रुपये द्यायचे. यादीत नाही ते पार्सल परत, मग त्यावर नाव आपलंच का असेना. एकदा असं पार्सल आलं आणि सासऱ्यांनी ते शांतपणे परत पाठवलं. मागाहून ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा’ असा फोन आला, त्यालाही त्यांनी नकार दिला. मला त्यांचा अभिमान वाटला. कुरिअरवाल्या दादांशी मात्र कोणी वाकडं बोलू नये, पार्सलात काय आहे हे त्यांना माहीत नसतं.

या व्यवस्थेनं खराब मालाचा प्रश्न सुटत नाही. मिक्सरचं भांडं तडकलेलं आलं आणि विक्रेत्यानं हात वर केले. खोका उघडतानाचा व्हिडिओ होता, म्हणून त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. पैसे परत आले. नसते आले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाणार होते. अशा वेळी कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर सापडतात. ऑर्डर जिथे केली त्याच ॲपमधून मदत मागा.

घरातल्या प्रत्येक फोनमध्ये कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर आणि १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, हे दोन साठवून ठेवले आहेत. पैसे गेल्याबरोबर १९३० वर कळवलं तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ते खात्यांमागून खात्यांत फिरून निघून जातात.

पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या पेन्शनच्या खात्याचीही अशीच विभागणी करणार आहोत. त्यांचा नंबर बदलायला शाखेत जावं लागेल, कारण त्यांच्या पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. आधी ते दुरुस्त करायचं आहे.