वसईतल्या फोटो स्टुडिओत केलेलं बाबांचं स्मृतिकार्ड

९१ वर्षांचे बाबा गेले. महिन्याच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, त्यांचा फोटो आणि प्रार्थना असलेली स्मृतिकार्डं हवी होती. पापडीजवळच्या या छोट्या स्टुडिओत गेलो, फार समाधानाने परतलो.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धं पाहिली. गळ्यात रोझरी (जपमाळ) आणि ओठांवर पलटणीची युद्धघोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, दोन्ही त्यांनी सारख्याच श्रद्धेने जपलं. निवृत्तीनंतर वाडी, सात नातवंडं आणि रोज संध्याकाळची प्रार्थना. प्रार्थनेआधी कुणी ताटावर बसायचं नाही.

फोटो एकच, गणवेशातला, मधोमध दुमडून भेग पडलेला. स्टुडिओतल्या दादांनी भेग घालवली, पण चेहरा गुळगुळीत केला नाही. डाव्या भुवईवरचा व्रण तसाच राहिला, हे मला सगळ्यात आवडलं. पहिल्या नमुन्यात छातीवरची समर सेवा स्टार आणि संग्राम मेडल ही त्या दोन युद्धांची पदकं कापली गेली होती. सांगितल्यावर कुरकुर न करता मांडणी बदलली, जादा पैसे घेतले नाहीत. मागे स्तोत्र २३, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, अक्षर एवढं ठळक की आईला चष्म्याशिवाय वाचता आलं.

कागद जाड आहे, मिस्सलमध्ये (मिस्सेच्या प्रार्थनापुस्तकात) ठेवला तरी वाकत नाही. फक्त काळा रंग ओल्या बोटाला किंचित लागतो, म्हणून लॅमिनेशन जरूर मागा. रविवारी दुकान बंद असतं, त्यामुळे चार-पाच दिवस आधी ऑर्डर द्या.