आधी घर मोजावे, मग लेन्स घ्यावी : कॅनन आर१० आणि ५० मि.मी. लेन्सचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, मी कॅननचा ईओएस आर१० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, त्याच्याबरोबर मिळणारी १८-४५ मि.मी.ची झूम लेन्स आणि वेगळी घेतलेली आरएफ ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स असा संच घेतला. (मि.मी.चा आकडा जितका मोठा, तितका लेन्सचा कोन अरुंद. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आणि पुढे-मागे स्पष्ट येणारा पट्टा कमी.) हेतू एकच होता, तो म्हणजे घरच्या माणसांची नीट छायाचित्रे काढणे. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात चार पिढ्या एकत्र राहतात. आजीने ऐंशी ओलांडली आहे, आणि भिंतीवर लावावे असे तिचे एकही अलीकडचे छायाचित्र आमच्याकडे नव्हते. लग्नांच्या अल्बममध्ये ती दिसते, पण कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. गणपती, दसरा, दिवाळी आणि पुतणीचे बारसे एवढ्या प्रसंगांतून हा संच वापरून झाल्यावर आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल, असे वाटते.

खरेदीपूर्वी कोणता कॅमेरा घ्यावा याचा विचार मी तीन आठवडे केला आणि लेन्सचा जेमतेम तीन दिवस. हे उलट व्हायला हवे होते. आर१० चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे चित्र ६००० × ४००० बिंदूंचे मिळते. १२ × १८ इंचांच्या छपाईत ते प्रत्येक इंचाला ३३३ बिंदू देते, आणि घरच्या भिंतीला याहून अधिक काही लागत नाही. डोळ्यांवर फोकस धरण्याचे काम हा कॅमेरा इतके चोख करतो की रांगणाऱ्या मुलामागे धावतानाही मला त्याची काळजी करावी लागली नाही. कॅमेऱ्याविषयी मला सांगायचे ते एवढेच. चित्र कसे येणार हे ठरवले ते लेन्सने, खोलीच्या लांबीने आणि दारातून येणाऱ्या उजेडाने.

आर१० चा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान असल्याने त्यावर ५० मि.मी.ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ८० मि.मी.सारखी दिसते, कारण कॅननच्या या सेन्सरचा क्रॉप, म्हणजे लहान आकारामुळे कोन अरुंद होण्याचे प्रमाण, १.६ पट आहे. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्मच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत तो १.५ पट असतो. एका माणसाच्या छायाचित्रासाठी हा कोन उत्तम आहे. साधारण साडेसहा फुटांवरून कॅमेरा उभा धरला की बसलेल्या माणसाचे डोक्यापासून मांडीपर्यंतचे चित्र येते, आणि अंतर पुरेसे असल्यामुळे नाक मोठे किंवा कान मागे गेलेले दिसत नाहीत. चेहरा बिघडतो तो लेन्समुळे, असा समज आहे. प्रत्यक्षात तो बिघडतो आपण फार जवळ उभे राहतो म्हणून.

अडचण आली ती सगळ्यांना एकत्र बसवताना. आमचा सोपा, म्हणजे घरातली पुढची बैठकीची जागा, चौदा फूट लांब आहे. नऊ माणसे दोन ओळींत बसली की त्यांना साधारण दहा फुटांची रुंदी लागते. तेवढी रुंदी ५० मि.मी.मध्ये सामावण्यासाठी बावीस फूट मागे जावे लागते, ३५ मि.मी.मध्ये साडेपंधरा फूट, तर २४ मि.मी.मध्ये साडेदहा-अकरा फूट. माणसांनी भिंतीलगतची तीन फूट जागा व्यापल्यावर मला समोरच्या भिंतीला पाठ लावूनही अकरा फुटांपेक्षा जास्त अंतर मिळत नाही. म्हणजे आमच्या घरातल्या समूहचित्राचे उत्तर २४ मि.मी. हेच होते, आणि हे टेप घेऊन पाच मिनिटांत कळले असते. गणपतीत मी ५० मि.मी. लावून उंबऱ्याबाहेर अंगणात उभा राहिलो आणि दाराच्या चौकटीने दोन्ही काकांना कापले. दिवाळीच्या पाडव्याला झूम २४ वर ठेवून, एफ/५.६ वर, सगळे घर एका चौकटीत आले. कडेला बसणारी माणसे थोडी रुंद दिसतात, म्हणून लहान मुलांना कडेला आणि थोरांना मध्ये बसवावे.

एफ/१.८ या आकड्याचा मोह मोठा असतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. बारशाच्या दिवशी आजीच्या मांडीवर पणती होती. साडेसहा फुटांवरून ५० मि.मी. एफ/१.८ वर पुढे-मागे जेवढी खोली स्पष्ट येते, ती मोजून अकरा सेंटीमीटर असते. आजीच्या डोळ्यांपासून बाळाच्या डोळ्यांपर्यंतचे पुढचे-मागचे अंतर सहज वीत-सव्वा वीत होते. पहिल्या सतरा चित्रांत आजी काचेसारखी स्वच्छ आणि बाळ धुरकट, किंवा बाळाची पापणी न् पापणी दिसते आणि आजीच्या गळ्यातला कोल्हापुरी साज सोनेरी ठिपक्यांचा ढग झालेला. एफ/४ केल्यावर ही खोली चोवीस सेंटीमीटरपर्यंत गेली, एफ/५.६ ला सुमारे चौतीस. तेव्हा कुठे साजातली पाने एकेक मोजता आली आणि बाळाच्या मुठीत धरलेला पदरही दिसला. आता दोन माणसे चौकटीत असतील तर मी एफ/४ च्या खाली जात नाही. एफ/१.८ मी एकट्या चेहऱ्यासाठी, तेही तिन्हीसांजेला उजेड उतरल्यावरच वापरतो.

या लेन्समध्ये हात हलण्यापासून सावरणारी यंत्रणा नाही आणि आर१० च्या बॉडीतही नाही. त्यामुळे बसलेल्या मोठ्यांसाठी १/१२५ आणि मुलांसाठी १/२५० सेकंद हा शटरचा वेग मी कमी होऊ देत नाही. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत गेला तरी चालतो, छपाईत त्याचा त्रास जाणवला नाही. निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर मला फार आवडले होते, कारण कॅमेरा वाजला की आजी अंग चोरून बसते. परंतु घरातल्या एलईडी दिव्यांखाली त्या शटरने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि १/१०० पेक्षा वेगवान शटर ते पकडते. म्हणून घरात यांत्रिक शटर आणि दिवे बंद, असा नियम मी केला. ट्यूबचा हिरवट आणि बल्बचा पिवळा उजेड चेहऱ्यावर एकत्र पडला की तो मागाहून दुरुस्त करणे जिकिरीचे असते, तेही यामुळे टळले.

फ्लॅश छताकडे वळवून वापरावा, हा सल्ला सिमेंटच्या पांढऱ्या छताच्या घरांसाठी ठीक आहे. आमच्या सोप्यावर सागवानी तुळया आणि फळ्यांचा माळा आहे. तिथे आपटून येणारा उजेड तपकिरी होऊन चेहऱ्यांवर उतरतो. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी चित्रपटासाठी स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावात उजेडाची जाण असलेली माणसे अजून भेटतात. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आजीला दारातून दोन हात आत, दाराकडे तिरके बसवायला सांगितले आणि दुसऱ्या बाजूला दोरीवर धुतलेले पांढरे धोतर पसरायला लावले. सावलीतला गाल त्या धोतराच्या परतलेल्या उजेडाने अलगद उजळला. आजी म्हणाली, “थांब की बाळा, पदर तरी सावरू दे,” आणि पदर सावरतानाचे तेच चित्र आम्ही १२ × १८ मध्ये छापून घेतले. फ्लॅशवर खर्च करायचे पैसे त्या दिवशी वाचले.

एक कटू अनुभवही नोंदवतो. दसऱ्यानंतर मी एका दुकानातून जुनी ८५ मि.मी.ची ईएफ लेन्स (कॅननच्या आधीच्या, आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठीची) जोडणीच्या ॲडॅप्टरसह घेतली. घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत पाडला, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले. ती बुरशी होती. दुकानदाराने लेन्स परत घेण्यास नकार दिला. आपल्याकडचा पावसाळा लांब आणि दमट असतो, त्यामुळे जुनी लेन्स घेताना टॉर्च जवळ असावाच, आणि परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. माझ्या बाकीच्या लेन्स मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवतो आणि काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखतो. तसेही ८५ मि.मी.ची लेन्स या सेन्सरवर १३६ मि.मी.सारखी पडते. रंकाळ्याच्या काठावर ती शोभली असती, सोप्यात तिला जागाच नव्हती.

पुढची खरेदी ठरली आहे. सिग्माने २०२४ मध्ये आपली १८-५० मि.मी. एफ/२.८ लेन्स कॅननच्या आरएफ माउंटसाठी (माझ्या कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या जोडणीसाठी) आणली. सोप्यातले २४ आणि आजीसाठीचे ५० हे दोन्ही मि.मी.चे आकडे तिच्यात आहेत, आणि माझ्या झूमपेक्षा ती बराच जास्त उजेड आत घेते. ५० वरचे एफ/१.८ तिच्यात मिळणार नाही, पण ते मी किती कमी वापरतो हे वर लिहिलेच आहे. येत्या गुढीपाडव्याला दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि टेप दोन्ही बरोबर नेणार आहे. अकरा फुटांवर नऊ माणसांची रुंदी मोजून, कडेचे चेहरे पडद्यावर मोठे करून पाहिल्यावरच पैसे देईन.