सांबा की स्वेड: रोजच्या वापराला कोणता जोड घ्यावा?

अॅडिडासचा सांबा आणि पुमाचा स्वेड, दोन्ही बुटांच्या जोडांचं मूळ गाव एकच, जर्मनीतलं हेर्त्सोगेनाउराख. दासलर भावाभावांत फाटलं. अॅडॉल्फने अॅडिडास काढली, रुडॉल्फने पुमा. आज दोघांचीही जुनी डिझाइन्स नव्याने विकली जातात.

सांबा मूळचा गोठलेल्या, कडक मैदानावरच्या फुटबॉलचा. पकड चांगली मिळावी म्हणून खाली तो तपकिरी रबरी सोल. वरचं चामडं गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. फक्त बोटांवरची स्वेडची, म्हणजे मखमली लवीच्या चामड्याची, पट्टी जपायची. जीन्सवर तो फार देखणा दिसतो. पण सोल पातळ आणि बांधा अरुंद. रुंद पावलांना चवडा आवळतो, दिवसभर उभं राहणाऱ्यांना तर टाच जाणवतेच.

पुमा स्वेड १९६८चा. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथने वंशभेदाच्या निषेधात मूठ उंचावली, तेव्हा पोडियमवर त्याने हाच बूट ठेवला होता. मला हा इतिहास मनापासून भावतो. सोल जाड, पायाला जास्त सुखाचा. मात्र सगळा बूटच स्वेड चामड्याचा, चिखल उडाला की डाग बसतो. वाळल्यावर ब्रशने एकाच दिशेने झाडावा लागतो.

पावसाळ्यातही वापरायचा असेल तर सांबा. कोरड्या दिवसांत भरपूर चालायचं असेल तर मी डोळे झाकून स्वेड घेईन.